दोन घंटांमधली लाट

५ मार्च

माझ्या भाचीस, आणि फळ्यासमोर उभं करून जिला जिला हसलं गेलं अशा प्रत्येकीस,

आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्याला गणित येत नाही हे आपण ठरवलेलं नाही. ते कुणीतरी दुसऱ्यानंच, आपल्याकडे पाठ करून, फळा पुसता पुसता ठरवलं. "कळलं ना?" असं विचारायचं, उत्तर यायच्या आत पान उलटायचं, आणि जी हात वर करील तिलाच सगळ्या वर्गापुढे उभं करायचं. मग ती जन्मभर म्हणत राहते, "आमचं डोकंच नाही हो त्यातलं." कुणी सांगितलं? डोकं उघडून बघितलं होतं कुणी?

हे भाषण नाही. बरं, आहे. पण तुझा बाप म्हणाला की तू काचेच्या कारखान्यातून महिनाभर रजा काढली आहेस आणि संध्याकाळच्या तंत्रज्ञ वर्गाची परीक्षा द्यायची म्हणून घरी बसून अभ्यास करते आहेस. चौतिसाव्या वर्षी! घुमे, मी चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसले, त्यातली पंचवीस वर्षं फाटकाबाहेर पेटीवर उभी राहून बोलले, पण इतकी चांगली बातमी मला फार थोड्या वेळा मिळाली.

सोबत डबा पाठवते आहे. त्यात माझा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आहे आणि माझी वही. नुसत्या बेरजा-वजाबाक्या करण्यासाठी तो नाही. सूत्र एकदा आत घातलंस की तो तक्ता मांडून देतो: x एवढा असला तर y किती, x पुढे सरकला तर y किती. दुसरं बटण दाबलंस की तोच तक्ता रेषा होऊन पडद्यावर चालत येतो. माझ्या वेळच्या संध्याकाळच्या वर्गात मी हे सगळं शिकले आणि पास झाले. तुलाही जमेल.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी ऐकून घेत नाही.

तुझी आत्या
(तुझ्या बापाच्या भाषेत, कर्णा)

१२ मार्च

आत्या,

नमस्कार लिहीत नाही. तुला वाकलेलं कुणी आवडत नाही हे लहानपणी एकदा पाया पडताना कळलं होतं.

डबा पोहोचला. तू कॅल्क्युलेटर दोन मोज्यांत घालून पाठवलास म्हणून आईनं ते मोजे धुऊन ठेवलेत. तुझे उपकार कसे मानू कळत नाही. आमच्या वर्गात असा एकच आहे, तो तेवीस जणांत फिरतो, आणि माझी पाळी येईपर्यंत घरी जायची वेळ झालेली असते. आता तो दिवसभर माझ्या मांडीवर असतो.

पहिल्या दिवशी y = x² + 40 घातलं आणि ग्राफचं बटण दाबलं. पडदा कोरा. पुन्हा दाबलं. कोरा. बाबा म्हणाले, "तुझ्या आत्याची वस्तू, आणि गप्प? बिघडलेलीच असणार." मग लक्षात आलं की पडद्याची खिडकी वर दहापर्यंतच उघडी होती आणि माझी रेषा चाळिसाच्या वर सुरू होत होती. ती तिथं होतीच, मी खाली बघत होते. खिडकी शंभरापर्यंत उघडली तेव्हा ती वाटीसारखी वरून उतरली. मी एकटीच हसले.

आता एक अडलंय. पुस्तकातलं नववं उदाहरण, y = 5 sin(360x), कोन अंशांत. मी तक्ता काढला. x शून्य, y शून्य. x एक, y शून्य. दोन, शून्य. वीसपर्यंत गेले, सगळी शून्यंच. पुस्तक म्हणतं, "लाटेचा आलेख काढा." कुठली लाट? तू हे शिकलेली आहेस, म्हणून विचारते.

घरात बसून अंग आंबलंय. बाकी ठीक.

तुझी घुमी

१७ मार्च

घुमे,

शून्य म्हणजे शून्य. यंत्र बिघडलं असणार, बॅटऱ्या बदल. नाहीतर पुस्तक चुकलं असेल, छापणारे काय देव आहेत? मी माझ्या आयुष्यात छापलेल्या इतक्या चुका वाचल्या आहेत की त्यांचंच एक ग्रंथालय होईल.

आणि एक सांगते, राग मानू नकोस. महिनाभराची रजा मिळाली आहे. अशी रजा मागणाऱ्या किती बायांना मी परत मशीनवर जाताना पाहिलं आहे! ती तुला मिळाली, आणि तू आठवडाभरातच पहिल्या अडचणीला "अडलंय" लिहितेस? रेटून पुढे जा. दहावं उदाहरण घे.

तुझी आत्या

२६ मार्च

आत्या,

दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. आता सरळ लिहिते.

मी रजेवर नाही. मला घरी बसवलं आहे. बाबांना मीच रजा सांगितली, त्यांनी तुला. चौकशी एप्रिलमध्ये आहे. तिच्यात दोष माझा ठरला तर काम गेलं, आणि कामगार म्हणून माझ्या कागदावर "हलगर्जी" असा शेरा राहील. तो शेरा असलेल्या बाईला दुसरा काचकारखाना दारात उभं करत नाही.

तुला आमचं काम माहीत नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे प्रयोगशाळेची भांडी फुगवून करतात. भांडं गरम असतानाच माझ्याकडे येतं. काच एकदम गार झाली तर तिच्यात ताण राहून जातो आणि ती नंतर तडकते, कधी धुताना, कधी नुसती टेबलावर ठेवल्याठेवल्या. म्हणून माझ्या भट्टीत ती आठ तासांत हळूहळू निवते. भांडी आत लावायची आणि बाहेर काढायची, हे माझं काम. गेले काही महिने भांडी तडकताहेत. आणि दर तासाला घंटा झाली की भट्टीवाले काका काटा वाचून वहीत लिहितात, तो आकडा अगदी जसा हवा तसा: ५३०, ५००, ४७०, ४४०. तासाला तीस अंश, एकही इकडेतिकडे नाही. भट्टी निर्दोष, मग उरलं कोण? माझे हात.

मी स्वतःही तेच मानायला लागले होते. जेवताना पेला उचलला तरी हाताकडे बघायची.

आता नवव्या उदाहरणाचं. बॅटऱ्या बदलल्या, शून्यं तशीच. मग तुझं न ऐकता ग्राफचं बटण दाबलं, आणि पडदाभर करवतीसारखे दाते उमटले. तक्ता म्हणतो काही नाही, आलेख म्हणतो गर्दी आहे. दोघांचं सूत्र एकच! खिडकी बारीक केली, x शून्यापासून दोनपर्यंत. तेव्हा एक सुंदर, गोल लाट आली, वर पाचपर्यंत, खाली उणे पाचपर्यंत. आणि ती शून्यातून जाते कधी? x एक असताना. दोन असताना. माझ्या तक्त्याची पायरी एकची होती. मी दर वेळी नेमकी ती घरी परतल्यावरच दार वाजवत होते. पायरी ०.१ केली आणि तक्ता बोलायला लागला: 2.94, 4.76, 4.76, 2.94, 0, मग उणे.

आत्या, मी तो कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते सांगता येत नाही. कारण काकांच्या वहीचीही पायरी एकच आहे. एक तास. आणि भट्टी तापवणारी कॉइल एका टायमरवर चालू-बंद होते, त्याचा फेरा वीस मिनिटांचा आहे. तासाला बरोबर तीन फेरे. ऑक्टोबरमध्ये नवी, जास्त ताकदीची कॉइल बसवली. घंटा होते तेव्हा काटा रोज लाटेच्या त्याच जागी सापडत असेल तर? मधल्या वेळात तो काय करतो हे कुणी बघितलंय?

अजून एक. तुझी वही वाचली. आठव्या धड्यापर्यंत अक्षर मोत्यासारखं आहे. नववा धडा "आलेख", त्याखाली तारीख, आणि पुढची सगळी पानं कोरी. मी काही विचारत नाही. मी खोटं बोलले म्हणून रागावू नकोस, एवढंच.

घुमी

३० मार्च

घुमे,

रागावू? कुणावर रागावू, आधी ते ठरवू दे, रांग मोठी आहे.

पोरीला मान खाली घालायला लावून घरी बसवतात आणि भट्टीला एक प्रश्न विचारत नाहीत! लोखंडावर विश्वास आहे, हाडामांसावर नाही. मी येते. चौकशीच्या दिवशी तुमच्या फाटकावर उभी राहते आणि असं बोलते की तुमच्या साहेबाला खिडक्या बंद करून घ्याव्या लागतील. पेटी नको, मी माझं स्टूल घेऊन येईन. सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे.

वहीबद्दल. पास झाले हे खोटं आहे. नवव्या धड्याला मास्तरांनी मला फळ्यापाशी बोलावलं, मी रेषा उलटी काढली, वर्ग हसला. मी तिथंच वळले आणि गरिबांच्या शिक्षणावर दहा मिनिटं बोलले. लोकांनी बाकं वाजवली. मास्तरांची मान खाली गेली. मी दिमाखात बाहेर पडले आणि परत कधी गेले नाही. सगळ्यांना वाटलं मी जिंकले. मलाही तसंच वाटलं, फार वर्षं. धडा तेवढा राहून गेला.

आणि मी तुला बॅटऱ्या बदलायला सांगितल्या.

आत्या

२ एप्रिल

आत्या,

येऊ नकोस. हात जोडते.

तू बोललीस तर फाटकावरचे सगळे माझ्या बाजूचे होतील, मला माहीत आहे. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी तुला ऐकलंय, तेव्हा कळत काही नव्हतं तरी अंगावर काटा आला होता. पण साहेब तुला उत्तर देतील, तू त्यांना देशील, आणि भट्टी मध्ये तशीच जळत राहील. मला भाषण नको, तक्ता हवाय. दर दोन मिनिटांचा, एका पूर्ण तासाचा.

मला आत सोडत नाहीत. काकांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "बावीस वर्षं मी काटा वाचतोय. माझ्या नोंदी खोट्या आहेत म्हणतेस?" मी म्हटलं, "खऱ्या आहेत काका, सगळ्या खऱ्या आहेत." ते म्हणाले, "मग झालं तर," आणि चपला शोधायला लागले. माझ्या नाहीत, त्यांच्या. म्हणजे मी उठावं.

उद्या पुन्हा जाणार आहे, कॅल्क्युलेटर घेऊन.

घुमी

८ एप्रिल

घुमे,

तिकीट परत केलं. स्टूल जागेवर ठेवलं. मी तीन दिवस गप्प बसले आहे. तुझ्या बापाला सांग, तो विश्वास ठेवणार नाही.

गप्प बसून करायचं काय? चौकटीचा कागद आणला. तुझ्या पत्रातले आकडे घेतले, आडवी रेषा, उभी रेषा, आणि एकेक ठिपका ठेवत गेले. ०.१ ला 2.94. ०.२ ला 4.76. दहा ठिपके झाल्यावर ते जोडले. लाट आली, घुमे. थोडी पोट सुटलेली आहे, पण लाट आहे. मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि माझा नववा धडा माझ्या भाचीनं मला पोस्टानं शिकवला. मी खूप लोकांचे आभार मानले आहेत, व्यासपीठावरून, यादी वाचून. हे तसे नाहीत.

काकांचं काय झालं?

आत्या

१९ एप्रिल

आत्या,

झालं. आधी ते सांगते, म्हणजे तू बसून वाचशील. सोमवारपासून मी कामावर आहे.

आता पहिल्यापासून. काकांकडे दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा काही बोलले नाही, तुझ्या घुमीला साजेसं. त्यांच्या हातात कॅल्क्युलेटर दिला. एकच्या पायरीचा तक्ता दाखवला, सगळी शून्यं. "हे सूत्र काय करतं, काका?" "काही नाही करत." मग पायरी बदलली. मग ग्राफ दाबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "म्हणजे मी दर तासाला एकाच माणसाला भेटत होतो, आणि घरी येऊन सांगत होतो की गावात एकच माणूस राहतो." काकू आतून म्हणाल्या, "बावीस वर्षं मी हेच सांगतेय, जरा इकडे तिकडे बघा." काका पहिल्यांदा हसले.

त्यांनी जेवणाची सुट्टी सोडली आणि तासभर काट्यासमोर उभे राहिले. एकतीस नोंदी, मागच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं. कुणी पाहिलं असतं तर त्यांनाही घरी बसावं लागलं असतं. तो कागद त्यांनी स्वतः घरी आणून दिला आणि चहाही न घेता गेले. मी आकडे कॅल्क्युलेटरच्या यादीत भरले, ठिपक्यांचा आलेख काढला. आत्या, पडद्यावर तीन लाटा होत्या. उतरत्या जिन्यावरून उड्या मारत जाणाऱ्या मुलीसारख्या.

चौकशीला साहेब, काका, कॉइल बसवणारा मेकॅनिक आणि मी. मी पडदा साहेबांपुढे धरला. तो केवढासा, त्यांना नाकाजवळ न्यावा लागला. मेकॅनिक म्हणाला, "खेळणं आहे हे. त्यात काय, काहीही दिसेल." माझे कान तापले. तू असतीस तर काय बोलली असतीस तेही ऐकू आलं. मी एवढंच म्हटलं, "बरोबर आहे. म्हणून पडद्यावर विश्वास ठेवू नका. घंटा व्हायला चार मिनिटं आहेत. भट्टीपाशी चला आणि वीस मिनिटं काट्याकडे बघा."

साहेब म्हणाले, "वीस मिनिटं नुसतं बघायचं?"

काका म्हणाले, "बावीस वर्षांत कुणी बघितलं नाही साहेब. आज बघू."

घंटा झाली, काटा ४७० वर. अगदी शहाणा. मेकॅनिकनं हात झटकले. पाचव्या मिनिटाला काटा ४९१ वर होता. मग तो घसरायला लागला. पंधराव्या मिनिटाला ४३९. दहा मिनिटांत बावन्न अंश, जिथं तासाला तीस उतरायचे! आत भांड्यांची फळी भरलेली होती, आणि आम्हा चौघांनाही त्या काचेचं काय होत असेल ते दिसत होतं. विसाव्या मिनिटाला काटा पुन्हा जिथं असायला हवा तिथं आला, ४६० वर, जणू तो कुठं गेलाच नव्हता.

साहेबांनी काट्यावर टिचकी मारून पाहिली. मग मेकॅनिकला म्हणाले, "बंद कर ती." मला म्हणाले, "तू सोमवारी ये." आणि कार्यालयात जाऊन माझ्या कागदावरचा शेरा खोडून स्वतःच्या हातानं लिहिलं, "दोष भट्टीचा." खाली सही.

मी घरी येऊन पेला उचलला आणि हाताकडे बघितलं नाही.

आत्या, तुझ्याशिवाय हे झालं नसतं. कॅल्क्युलेटर पाठवलास म्हणून. खरं सांगितलंस म्हणून. आणि आली नाहीस म्हणून, त्याबद्दल सगळ्यात जास्त.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. साहेबांनी फाइल उघडली तेव्हा माझ्या कागदाच्या वर आणखी दोन होते. ऑक्टोबरनंतर माझ्या आधी त्याच भट्टीवर दोघी होत्या, एक आमची वेणीवाली आणि दुसरी ती उंच, जी सगळ्यांना हळू बोला म्हणायची. दोघींची चौकशीही झाली नाही. भांडी फुटली, त्या रडल्या, आणि आपणहून सोडून गेल्या. दोघींच्या कागदावर अजून तेच लिहिलं आहे. मला परत घेतलं, आता मी काही बोलले तर बरं दिसेल का, कळत नाही.

तुझी घुमी

२४ एप्रिल

माझे घुमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभी राहून, मोठ्यानं, आणि शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली तर तिलाही ऐकवलं. वीस मिनिटं! मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की आवाज चढवा. तू तीन माणसांना एका काट्यापुढे गप्प उभं केलंस आणि लोखंडाकडून कबुली घेतलीस. मी तुझी ऋणी आहे. त्या भट्टीवाल्यांचीही आहे, ज्यांनी आपल्याच बावीस वर्षांच्या वहीला प्रश्न विचारायला आपलं जेवण सोडलं. एवढं धैर्य मी व्यासपीठांवर फार कमी पाहिलं.

तू विचारतेस, बरं दिसेल का. ऐक. कुठंतरी एका स्वयंपाकघरात एक बाई पेला उचलते आणि आपल्या हाताकडे बघते. दुसऱ्या घरात दुसरी. त्यांना कुणी आलेख दाखवलेला नाही. त्यांच्याकडे दर तासाची वही आहे फक्त, आणि ती वही म्हणते की दोष त्यांचाच. भट्टी बंद झाली हेसुद्धा त्यांना माहीत नाही. तुझा कागद दुरुस्त झाला याचा आनंद मला आहे, पण साहेबांनी एक ओळ खोडली आणि दोन तशाच ठेवल्या. त्यांना जाऊन सांगायला मी नको. कर्ण्यातून आलेलं अशा वेळी कुणी मानत नाही. त्या तुझं मानतील, कारण तू त्याच फळीवर भांडी लावली आहेस.

म्हणून मला उत्तर लिहू नकोस. मी थांबेन. आज, हे पत्र खाली ठेवलंस की दोन कोरे कागद घे. दोन्हींवर ते एकतीस आकडे उतरव, खाली ती लाट काढ, आणि साहेबांनी तुझ्यासाठी लिहिलं तेच तुझ्या अक्षरात लिही. पत्ते काकांना विचार. एक वेणीवालीला, एक त्या उंच बाईला. दोन्ही पाकिटं आजच्या टपालात टाक.

तुझी आत्या